कोरड्या बंदरावरचा मासा

इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला तरी गाव त्याला निवृत्त होऊ देत नाही. शाळेत तीस वर्षांत मी जेवढं इंग्रजी वाचून दाखवलं नसेल, तेवढं गेल्या चार वर्षांत कुंभार पिंपळगावच्या ओट्यांवर बसून वाचलं आहे. तणनाशकाच्या बाटलीला चिकटवलेली घडीची चिठ्ठी, पीकविम्याचा नकार, सोनोग्राफीचा रिपोर्ट, टीव्हीचं वॉरंटी कार्ड. एका म्हातारीने तर एकदा औषधाची गोळीच माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हिच्यावर काय लिवलंय बगा बरं, सर." गोळीवर नुसती आडवी रेघ होती. मी म्हणालो, "अर्धी घ्या." म्हातारी बरी झाली आणि माझं नाव आणखी पसरलं.

त्यामुळे भाचा जेव्हा चौदा पानांचा इंग्रजी गठ्ठा घेऊन बाजेवर येऊन बसला, तेव्हा मी मुकाट्याने चष्मा पुसायला घेतला.

"मामा, येवढं वाचून सांगा. मासा आणायचाय."

"मासा आणायला इंग्रजी कशाला? बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन जा."

"खायचा न्हाई हो, पाहायचा. फॉरेनचा."

भाच्याचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, आणि उधारीची एक जाड वही. छत्रपती संभाजीनगरला एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानात तो गेला होता. तिथे गल्ल्यामागे काचेच्या मोठ्या टाकीत हातभर लांबीचा, चांदीच्या पट्टीसारखा एक मासा संथपणे येरझाऱ्या घालत होता. व्यापाऱ्याने सांगितलं की हा अरोवाना. हा आल्यापासून माझी उधारी वसूल व्हायला लागली. भाच्याने त्याच क्षणी ठरवलं. उधारी वसूल करायचे सगळे मार्ग आमच्याकडे करून झाले आहेत. गोड बोलून झालं, कडू बोलून झालं, वसुलीला माणूस पाठवला तर तोच दोन पोती युरिया उधार घेऊन आला. आता राहिला होता मासा.

परदेशी मासा आणायचं ज्या तालुक्यात चाललं होतं, तो घनसावंगी तालुका. जिल्हा जालना. आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ही मोसंबी इथलीच हे सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे. पण 2012 च्या दुष्काळात हीच मानाची झाडं लोकांनी टँकरच्या पाण्यावर जगवली, आणि ज्यांना नाही जमलं त्यांनी कुऱ्हाड लावली. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि 208 किलोमीटर जातो. त्यात पाण्याची पाळी कधी येणार, हा प्रश्न आमच्याकडे पोराच्या लग्नापेक्षा जास्त चर्चिला जातो. गावाच्या नावातच कुंभार आहे. माठ, रांजण, डेरा, पाणी ठेवायच्या भांड्यांची आमच्याकडे कधी वानवा नव्हती. वानवा असते ती भांड्यात घालायच्या मालाची.

"लेका," मी म्हणालो, "हा मासा येणार कुठून?"

"सिंगापूर. न्हाईतर बँकॉक. आन् मामा, आता तर बंदरबी आपल्याच जिल्ह्यात हाय की."

हे खरं आहे. जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्ट आहे. 2015 च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं. ड्राय पोर्ट म्हणजे कोरडं बंदर. समुद्र चारशे किलोमीटरवर, बंदर इथे. कंटेनर इथे भरायचे, कस्टमचे सोपस्कार इथे करायचे आणि रेल्वेने न्हावाशेवाकडे लावून द्यायचे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण बंदर म्हटलं की पाणी आलं, आणि जालन्याला बंदर द्यायचं ठरलं तेव्हा सरकारने पाणी तेवढं वगळलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं. जिल्ह्याचा स्वभाव ओळखून दिलेली ही एकमेव योजना असावी. भाच्याची समजूत मात्र अशी होती की एके दिवशी दरेगावच्या माळावर भोंगा वाजेल आणि त्याचा अरोवाना उतरेल.

मी गठ्ठा वाचायला घेतला. शेजारी आबा, म्हणजे माझे वडील, नव्वदीच्या घरात, सुपारी कातरत बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण पैशाचं आणि सरकारचं सगळं ऐकू येतं.

पहिल्याच पानावर 1898 साल निघालं. परदेशातून जिवंत प्राणी आणायचे तर आजही लाइव्हस्टॉक इंपोर्टेशन अ‍ॅक्ट, 1898 या कायद्याला धरून आणावे लागतात. टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला त्याच्या पुढच्या वर्षीचा कायदा. गुरांचे रोग बोटीतून येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी केला, आणि आता त्याच कायद्याच्या दावणीला बैल, कोंबडी आणि गोल्डफिश एका रांगेत उभे आहेत.

दुसऱ्या पानावर यादी. शोभेच्या माशांसाठी केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मंजूर जातींची यादी जोडली आहे: 92 जाती. नाव यादीत असेल तर पुढे बोलायचं. नसेल तर आधी समितीपुढे जायचं. भाच्याने "यादी" हा शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा पडला. घरकुलाच्या यादीत त्याचं नाव तीनदा येऊन चारदा गेलेलं आहे.

पुढे परवाना. माल येण्याआधी घ्यायचा, आल्यावर नाही. मग ज्या देशातून मासा निघणार तिथल्या सरकारी पशुवैद्याचा दाखला, की या माशाला अमुक अमुक रोग नाहीत. मग बंदर किंवा विमानतळ. तोही कुठलाही चालत नाही; जिथे केंद्राचं पशू विलगीकरण केंद्र आहे तिथेच, म्हणजे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू. दरेगावचं नाव त्यात नाही. मी हे हळूच सांगितलं.

"आन् मग?"

"मग मासा विलगीकरणात. पंधरा ते एकवीस दिवस."

"म्हणजे?"

"म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा."

हे त्याला लगेच कळलं. 2020 च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून जे पायी, ट्रकने, मिळेल तसे गावाकडे आले, त्यांना आमच्या भागात शाळांच्या वर्गात चौदा दिवस ठेवलं होतं. घरची माणसं खिडकीतून डबा द्यायची आणि दहा हातांवरून बोलायची. भाचाही त्यांत होता. तेव्हा त्याने चौथीच्या वर्गातल्या भिंतीवरचे पाढे इतक्यांदा वाचले की आज उधारीचं व्याज तो तोंडी काढतो. "म्हणजे माशाच्या खोल्या येगळ्या, पाणी येगळं, भांडीबी येगळी?" त्याने विचारलं. मी पान उलटून पाहिलं. तसंच होतं. टाक्या वेगळ्या, जाळ्या वेगळ्या, वापरलेलं पाणी जंतुनाशक घातल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. मेलेला मासा फेकायचा नाही, नोंद करायची. आम्ही शाळेत ठेवलेल्या माणसांची याच्या निम्मी काळजी घेतली होती.

एवढ्यात आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे तर करोडगिरीवाणी झालं," ते म्हणाले.

करोडगिरी हा शब्द नव्या पिढीला माहीत नाही. आमचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नगरकडे निघालात आणि कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडलीत की इंग्रजांचा मुलूख लागे. माणूस तोच, नदी तीच, भाषा तीच; पण हद्द दोन राज्यांची. नाक्यावर निजामाचं जकात खातं बसलेलं असे, त्याचं नाव करोडगिरी. पैसाही वेगळा, इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. आबा लहान असताना त्यांच्या आईने माहेराहून येताना पितळेची कळशी आणली होती. नाक्यावरच्या शिपायाने तिच्यावर जकात मागितली. आजी म्हणाली, ही नवी नाही, वापरातली आहे. शिपाई म्हणाला, कशावरून? आजीने तिथेच नदीत उतरून कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "ही बघ वापरातली." शिपायाने सोडलं. "तवा तुझ्या माशालाबी," आबा भाच्याला म्हणाले, "वापरातला हाय म्हनून सांग."

आमच्या घराण्याने आंतरराष्ट्रीय हद्द एवढी एकदाच ओलांडली आहे, आणि तीही पाण्यानेच पार पडली.

गठ्ठ्याच्या शेवटी अरोवाना आला. त्याचे दोन प्रकार आपल्या कामाचे. संभाजीनगरच्या दुकानात होता तो चांदीच्या रंगाचा, मूळचा अ‍ॅमेझॉनचा. दुसरा आशियाई, लाल-सोनेरी, ज्याला ड्रॅगन म्हणतात आणि ज्याच्यासाठी सिंगापूर-मलेशियात लोक मोटारीच्या किमती मोजतात. हा आशियाई अरोवाना वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स करारात पहिल्या परिशिष्टात आहे; वाघ आहे त्याच रांगेत. नोंदणी झालेल्या शेतात जन्मलेलाच विकता येतो, आणि त्याच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप घालून सोबत प्रमाणपत्र देतात. भारतात 2022 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यानुसार असा प्राणी घरात असेल तर परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. जन्म झाला तर कळवायचं, मेला तर कळवायचं.

"म्हंजे आपल्या गुरांच्या कानातल्या बिल्ल्यावाणी," भाचा म्हणाला. बरोबर होतं. आमच्या गायी-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. फरक एवढाच की म्हशीचा बिल्ला खुडूक करून टोचला की काम संपलं; माशाला आधी निसटू नये म्हणून धरून ठेवायचं आणि मग सुई टोचायची.

चौदा पानं संपली. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, एवढ्या कागदात तर माझं दुसरं दुकान निघंल." आणि शहरातूनच मासा विकत आणायचं ठरलं. आयात झालेली वस्तू शहरातून आणली की तिचे सगळे कागद दुसऱ्याने केलेले असतात. आपण फक्त पैसे द्यायचे. विकणाऱ्याने सांगितलं, सिंगापूरचा माल. सिंगापूर हे शोभेच्या माशांच्या व्यापाराचं जगातलं मोठं नाकं आहे, तेव्हा खरंही असेल. आणि देशात विकले जाणारे कितीतरी रंगीत मासे चेन्नईतल्या कोळत्तूरला घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत वाढलेले असतात, तेव्हा कोण जाणे. माशाला विचारून उपयोग नव्हता. वीतभर लांबीचा चंदेरी अरोवाना, साडेतीन हजार रुपये. त्या वर्षीच्या भावाने पाऊण क्विंटल सोयाबीन.

मासा पॅक करताना मी सोबत होतो आणि त्या दुकानातल्या पोराचा हात पाहत राहिलो. जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी. आत एक भाग पाणी. मासा सोडला, पिशवी दाबून आतली हवा काढली, नळी घातली आणि सिलिंडरमधून प्राणवायू भरला, पाण्याच्या दुप्पट. पिशवीचं तोंड पिळून दुमडलं आणि रबराच्या पट्ट्या अशा चढवल्या की पिशवी टरबुजासारखी टणक झाली. वर थर्माकोलचा डबा. त्या पोराने सांगितलं की माशाला काल सकाळपासून उपाशी ठेवलाय. प्रवासाआधी एक-दोन दिवस खायला घालायचं नसतं. खाल्लं की घाण करतो, घाणीचा अमोनिया होतो आणि बंद पिशवीत स्वतःच्याच अमोनियाने मासा मरतो. सिंगापूरहून विमानाने येणारेही असेच उपाशी येतात. एसटीच्या घाटात उलटी होऊ नये म्हणून आमची आई आम्हाला असंच उपाशी न्यायची. पण आमच्या पिशवीत प्राणवायू कोणी भरला नव्हता.

संभाजीनगर, जालना, अंबड, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव. डबा भाच्याच्या मांडीवर. जालन्याला कंडक्टरने विचारलं, "आत काय?" भाचा म्हणाला, "मासा." कंडक्टर म्हणाला, "वास न्हाई येत." "जिवंत हाय." कंडक्टरने तिकिटाच्या यंत्राकडे पाहिलं. त्या यंत्रात अर्धं तिकीट आहे, सवलतीचं आहे, सामानाचं आहे. सिंगापूरहून आलेल्या जिवंत प्रवाशाचं बटण त्याला सापडेना. त्याने डब्याला कान लावला, काही ऐकू आलं नाही, आणि पुढे गेला. अंबडपर्यंत गाडीभर बातमी पोचली होती. मागच्या सीटवरच्या एका माणसाने खांद्यावरून वाकून विचारलं, "कसा दिला किलो?"

टाकी दुकानात गल्ल्यामागे बसवली होती. मासा थेट टाकीत ओतायचा नाही. पिशवी बंदच ठेवून वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं. एकदम ओतला तर धसका घेतो. भाच्याची बायको हे बघून म्हणाली, "माप ओलांडून घ्यायचं म्हना की." नव्या नवरीला उंबऱ्यावर थांबवतात त्याचं एवढं शास्त्रीय कारण मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. लोक अरोवाना बघायला यायचे, आणि आल्यासारखं एक औषधाचा पुडा न्यायचे. उधारीवर. वही फुगली. माशाला खायला रोज झुरळं, नाकतोडे लागायचे. ते पुरवायचं काम भाच्याच्या पोराने अंगावर घेतलं आणि त्याचं अभ्यासाकडे होतं ते लक्षही गेलं. दुकानात कीटकनाशकाची चाळीस प्रकारची औषधं मांडलेली आणि मालकाचा मुलगा बाहेर बांधावर जिवंत किडे शोधत फिरतोय, हे दृश्य कुठल्याही कंपनीच्या प्रतिनिधीला रडू आणणारं होतं.

नवव्या दिवशी टाकीतलं पाणी बदलायची वेळ आली. पाणी टँकरचं. इथे भाच्यातला यजमान जागा झाला. घरची माणसं ते पाणी तशीच पीत होती, पण परदेशी पाहुण्याला असलं कसं द्यायचं? चहाच्या हॉटेलात कोणीतरी सल्ला दिला आणि भाच्याने चमचाभर टीसीएल पावडर टाकीत टाकली. टीसीएल म्हणजे विहिरीत, टाक्यांत जंतू मारायला टाकतात ती पांढरी भुकटी. तिच्यातलं क्लोरीन माणसाला चालतं. माशाचे कल्ले ते भाजून काढतं. साधं नळाचं पाणीसुद्धा माशाला द्यायचं तर दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचं असतं, नाहीतर अँटिक्लोरचे थेंब घालायचे असतात. हे चौदा पानांत नव्हतं. सरकारने मासा देशात येईपर्यंतची काळजी घेतली होती, पिंपळगावात आल्यानंतरची नाही.

आमच्या शेजारचं जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. बोहल्यावर भटजींनी "सावधान" म्हणताच समर्थ सावध झाले आणि पळाले, ही गोष्ट आमच्या भागात दूधपित्या पोराला माहीत आहे. अरोवाना हाही मूळचा उड्या मारणारा प्राणी. अ‍ॅमेझॉनमध्ये तो फांदीवरचा किडा पाण्याबाहेर झेपावून टिपतो, म्हणून त्याच्या टाकीला झाकण लावायचं असतं. रात्री क्लोरीनने त्याला "सावधान" म्हटलं असावं. सकाळी दुकान उघडलं तेव्हा टाकी रिकामी होती, आणि मासा मोसंबीच्या बुरशीनाशकाच्या खोक्यामागे ताठ पडलेला होता. सिंगापूर, विमान, विलगीकरण, एसटी, सगळं पार करून आलेला जीव पाणी शुद्ध केल्यामुळे गेला.

भाच्याने त्याला परसातल्या लिंबाखाली पुरलं. दोन दिवस दुकान उघडलं, पण लाइट लावली नाही.

आता मला माझ्या हौदाबद्दल सांगितलं पाहिजे.

माझ्या परसात सिमेंटचा हौद आहे, कमरेइतका. चार-पाच वर्षांपूर्वी डेंग्यूची साथ होती तेव्हा आशाताई घरोघर फिरत होत्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं त्या सांगत. आमच्याकडे आठ दिवसांनी पाणी येतं. सहा दिवस कोरडे आपोआप पाळले जातात, आणि जो एक ओला असतो त्यात भरलेलं ओतून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आशाताईंना हे माहीत होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची प्लास्टिकची बाटली काढली आणि माझ्या हौदात उपडी केली. आत दहा-बारा गप्पी मासे होते. ना पिशवीत प्राणवायू, ना उपास, ना माप ओलांडणं. डुबुक झालं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

गप्पी हे नाव ऐकून वाटतं, गप्पा मारणारा मराठवाड्यातलाच कुणी असेल. तो आहे दक्षिण अमेरिकेचा. व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना हा त्याचा मूळ मुलूख. 1866 साली त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेकमेअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी हा मासा लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे पाठवला आणि तिथल्या शास्त्रज्ञाने त्याला गप्पींचं नाव दिलं. खरं तर एका जर्मन शास्त्रज्ञाने 1859 सालीच त्याचं बारसं केलेलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नाव ते पहिलं राहिलं. पण हाक मारायचं नाव गप्पींचंच टिकलं. गावातही कागदावरच्या नावाने कोणाला कोण ओळखतं?

मग 20 ऑगस्ट 1897 ला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. म्हणजे आमच्याच निजामाच्या राज्यात. डास हा गुन्हेगार ठरला, आणि त्याच्या अळ्या खाणाऱ्याला बोलावणं गेलं. 1910 च्या सुमारास गप्पी हिंदुस्थानात आला. 1928 साली त्याचा चुलतभाऊ गॅम्बुसिया इटलीहून आला. 1898 चा कायदा तेव्हा होता, पण मंजूर जातींची यादी नव्हती, विलगीकरण नव्हतं, परिवेश पोर्टल नव्हतं. या महाशयांना करोडगिरीच्या कुठल्या नाक्यावर कोणी "आत काय?" म्हणूनही विचारलं नसेल.

सकाळी चहाचा कप घेऊन मी हौदाच्या कठड्यावर बसतो. नर पाऊण इंचाचा, शेपटीवर नारिंगी ठिपका, दिवसभर मिरवतो. मादी त्याच्या दुप्पट, रंगाने मळकट, कामात. ती अंडी घालत नाही. सरळ पिल्लं देते, महिन्याला वीस-पंचवीस तरी. एकदा नराची भेट झाली की पुढची कित्येक बाळंतपणं ती त्या एका भेटीवर काढते. पाण्यावर डासाची अळी वळवळली की मादी खालून येते, टिपते आणि काही झालंच नाही अशी पुढे जाते. अळ्या संपल्या की शेवाळ खाते. शेवाळ संपलं की स्वतःची पिल्लं. हे शेवटचं मला पहिल्यांदा आवडलं नाही. नंतर मी घरोघरच्या शेताच्या वाटण्या आठवल्या आणि गप्प बसलो.

मार्चमध्ये पाणी हिरवं होतं, एप्रिलमध्ये टाचेएवढं उरतं, मेमध्ये हौदाच्या कोपऱ्यात परातभर डबकं असतं. त्यात ते सगळे तोंड वर करून दाटीने उभे असतात, टँकर आल्यावर आम्ही उभे असतो तसे. पाऊस पडला की पुन्हा हौदभर होतात. सिंगापूरचा मासा नऊ दिवसांत गेला. त्रिनिदादचा पाच वर्षं आमच्या टँकरवर आहे. त्याने उधारी वसूल केली नाही, पण घरात तेव्हापासून डेंग्यू नाही. त्याचं श्रेय गप्पीचं की आमच्या मच्छरदाणीचं, यावर बायकोचा आणि माझा वाद आहे.

भाच्याची रिकामी टाकी तशीच पडली होती. मी एक दिवस हौदातले चाळीसेक गप्पी कळशीत घेतले आणि त्यात नेऊन सोडले. गिऱ्हाईक आता बघायला थांबत नाही. पण भाचा सांगतो, डास कमी झाले.

यावरून विनापरवाना आला तो चांगला आणि कागदोपत्री आला तो वाईट, असं कोणी समजू नये. चौदा पानं उगीच लिहिलेली नाहीत. 1952 साली आणलेली टिलापिया आज आपल्या धरणांत चिलापी म्हणून इतकी माजली आहे की जाळं टाकावं तर तीच आधी येते. नव्वदीच्या दशकात बांगलादेशच्या हद्दीवरून पंगस गुपचूप आला, आणि तसाच आफ्रिकी मांगूरही. या मांगुरावर 2000 सालापासून बंदी आहे आणि तरी चोरून तळ्यांत वाढवला जातो. भूक लागली तर तो तळ्यातला दुसरा कुठलाही मासा सोडत नाही. आणि काच चाटून साफ करतो म्हणून हौशी लोक जो सकर आणतात, काटेरी पाठीचा, तो टाकीत मावेनासा झाला की कोणीतरी दयाळू माणूस नदीत नेऊन सोडतो. उजनीच्या जाळ्यांत तो आता येतो. कोळी त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, जाळं फाडतो म्हणून शिव्या देतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. हद्दीवरचं नाकं त्याने ओलांडलं ते पिशवीतून; आपली नदी मात्र आपल्या दयेने.

गप्पीलाही हेच लागू आहे. हौदात तो पाहुणा, ओढ्यात तो घुसखोर. आपल्या ओढ्यातल्या बारक्या माशांची अंडी-पिल्लं तोही खातो.

तेव्हा वाचकहो, हात जोडून एकच विनंती. टाकीतला मासा नकोसा झाला तर तो कालव्यात, गोदावरीत, शेततळ्यात किंवा देवळामागच्या बारवेत सोडू नका, पुण्य लागत नाही. विकणाऱ्याला परत द्या, नाहीतर पाळणारा शोधा. आणि डासांसाठी गप्पी हवे असतील तर बाटली घेऊन माझ्याकडे या. परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत, हवे तितके न्या. बाटलीत घालायला पाणी मात्र तुमचं तुम्ही आणा.